लहान लेकरू घरात असताना घर दुरुस्त करून विकावं, की आहे तसंच द्यावं?

केतकी_सिडको
संभाजीनगरला सिडकोत आमचं जुनं रो-हाऊस आहे, सासऱ्यांनी घेतलेलं. खाली दोन खोल्या, वर मागाहून बांधलेली एक, पुढं पत्र्याचं शेड. नव्या फ्लॅटचा ताबा दिवाळीच्या सुमाराला आहे. त्याआधी हे घर गेलं तर कर्ज हलकं होईल, असं आमचं गणित.

एजंट म्हणतो, ओल काढा, ओटा नवा करा, शहाबादी उखडून टाइल्स टाका, रंग मारा, तीन-चार लाख सहज जास्त आणून देतो. नवरा लगेच तयार. सासूबाईंचं म्हणणं, विकायच्या घरावर कशाला खर्च. आणि मध्ये मी, कडेवर पावणेदोन वर्षांचं लेकरू घेऊन. हा गडी सध्या जमिनीवर सापडेल ते तोंडात घालतो. दुपारी झोपतो तेवढ्यातच माझं ऑफिसचं काम उरकतं. भिंती फोडायला घेतल्या की त्याची झोपही गेली आणि माझं कामही.

कुणी घरातच राहून, लहान मूल सांभाळत असं काम काढलंय का? घातलेला पैसा खरंच वसूल होतो का? भाड्याने दुसरीकडे जाणं परवडणार नाही, ते आधीच सांगते.

जालना_जंक्शन
जास्त किती आणून देतो ते एजंटने सांगितलं. खर्च किती येईल ते सांगितलं का?

मांजराकाठ
आवं ताई, ओट्यावर कशाला पैसे घालूलालाव! आमच्या थोरल्या भावानं लातूरचं घर विकायच्या आधी झकास ग्रॅनाइटचा ओटा केला, वरी फुलाफुलाच्या टाइल्स. घेणाऱ्यानं ताबा घेतला अन् पहिलं काम केलं ते ओटा फोडायचं. त्यांच्या वास्तुवाल्यानं स्वयंपाक आग्नेयेला सांगितला होता. वहिनी अजून त्या गल्लीतून जात नाहीत.

छत गळत असंल तर तेवढं करा. बाकी ज्याचं त्याला करू द्या.

गंगाखेडी
मांजराकाठ, अर्धं पटलं. पण रंगाला नाही म्हणू नका. आमचं परभणीचं घर लईच कळकट झालं होतं. लोक यायचे, चहा प्यायचे, भिंतीचे पोपडे बघायचे आणि "कळवतो" म्हणून जायचे. कुणी आकडा बोललंच तर पाडून. मग ओलीचं काम आणि साधा पांढरा रंग, एवढंच केलं. पहिल्यापासून जो भाव सांगायलो होतो, त्याच भावात गेलं. एक रुपया जास्त मिळाला नाही, पण पाडून मागायला कुणाला कारणही राहिलं नाही.

डॉ_पळसपान
भावाचं मला कळत नाही, लेकराचं सांगते. मी नांदेडला बालरुग्ण बघते.

घर जुनं, म्हणजे ग्रील, दारं, चौकटींवर जुना ऑइल पेंट असणार. आपल्याकडे घरगुती रंगांत शिशाची 90 पीपीएम (दहा लाख भागांत 90 भाग) ही मर्यादा 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये, त्यातही पिवळ्या, लाल, हिरव्या रंगांत, शिसं भरपूर असू शकतं. रंगारी ते सँडपेपरने कोरडंच घासतात. ती धूळ खाली बसते, आणि हे वय जमिनीला हात टेकून तोच हात तोंडात घालायचं. शिसं मेंदूच्या वाढीला बाधतं, पण लगेच ताप येत नाही की पुरळ उठत नाही, म्हणून कुणी मनावर घेत नाही. घासायचंच असेल तर ओलं करून घासायला लावा, तेवढे दिवस लेकरू घरात ठेवू नका, आणि झाडू मारण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा.

दुसरं, थिनर आणि टर्पेंटाइन. रंगारी हमखास कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत ठेवतात. चुकून पोटात गेलंच तर उलटी करवू नका, मिठाचं पाणी पाजू नका. उलटी होताना ते फुप्फुसात उतरतं आणि खरा धोका तोच असतो. सरळ दवाखाना गाठा. चुना किंवा सिमेंट डोळ्यात गेलं तर चोळू न देता आधी भरपूर स्वच्छ पाण्याने धूत राहा, मग दवाखाना.

तिसरं, पाणी. हौदाचं झाकण, पाणी मारायला भरून ठेवलेले ड्रम, बादल्या. एवढं लेकरू वीतभर पाण्यातही बुडू शकतं. कामाच्या गडबडीत आईला वाटतं तो आजीकडे आहे, आजीला वाटतं आईकडे. कुणाकडे आहे ते दर वेळी तोंडाने बोलून घ्या.

केतकी_सिडको
डॉक्टर, आमचं पुढचं ग्रील हिरवंच आहे. त्यालाच धरून तो उभा राहायला शिकला, आणि जिथं रंग उडालाय तिथं तोंड लावूनही झालंय. तपासणी करावी का?

डॉ_पळसपान
रक्तातलं शिसं मोजता येतं. तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना ग्रीलची गोष्ट सांगा आणि विचारा. घाबरून जाऊ नका. जेवणातून लोह आणि कॅल्शियम नीट मिळत असेल तर शिसं शरीरात कमी शोषलं जातं, तेवढं बघा. ग्रील निघत असेल तर काढून वर्कशॉपवरच पाठवा, घरात घासूच नका.

दुपारची_झोप
आम्ही राहूनच केलं, बीडला. मुलगी तेव्हा दोनची होती.

एक खोली शेवटपर्यंत हात न लावता ठेवायची. त्यात गाद्या, तिची खेळणी, एक शेगडी, पाण्याची कळशी. दाराला ओली चादर टांगायची, धूळ बरीच अडते. मिस्त्रीशी पहिल्याच दिवशी बोलून घेतलं की ठोकाठोकी सकाळी, जेवणानंतर पुट्टी, भराई, असलं बिनआवाजाचं काम. आधी तो हसला. पण चहा वेळेवर आणि वर कधी चुरमुऱ्यांचा सुशीला, कधी धपाटे मिळायला लागल्यावर त्याला ते वेळापत्रक पटलं.

तिला एक जुना ब्रश आणि तांब्याभर पाणी द्यायचे, बाहेरच्या भिंतीला "रंग" द्यायला. ऊन असं की इकडून तिकडं जाईपर्यंत पहिलं वाळलेलं, की परत सुरू. तास-तास चालायचं. फक्त एक गडबड झाली. ती त्या मजुरांच्या पंगतीत बसून भाकरी खायला शिकली आणि काम संपल्यावर "मामा कुठं" म्हणून जेवेना.

फोडकाम चाललं तो आठवडा मात्र सरळ माहेरी. त्यात हौस दाखवू नये.

जालना_जंक्शन
या धाग्यावर आतापर्यंत सगळ्यात स्वस्त कॉन्ट्रॅक्टर निघाला तो माहेर.

दुपारची_झोप
स्वस्त? येताना तीन किलो येसर, लोणच्याची बरणी आणि वर्षभर पुरतील एवढे टोमणे घेऊन आले.

वैजिनाथ_परळी
कुणी हंगामाचं बोललं नाही. आपल्याकडं उन्हाळ्यात काम काढणं म्हणजे टँकरला पैसे मोजणं. कोब्याला, गिलाव्याला निदान आठवडाभर तरी पाणी मारावं लागतं. संभाजीनगरला नळ कधी येतो ते तुम्हालाच ठाऊक. उन्हात पाणी कमी पडलं की गिलाव्याला केसासारख्या भेगा जातात, मग रंगारी त्यात पुट्टी भरून पैसे घेतो.

आता पावसाळा आहे तर त्याचा फायदा घ्या. पाऊस पडताना छताला ओल नेमकी कुठं येते तिथं पेन्सिलने खूण करा. उन्हाळ्यात मिस्त्री नुसता अंदाज बांधतो, आता दिसतंय. श्रावणात आठ-दहा दिवसांची उघडीप मिळतेच, तेव्हा गच्ची करून घ्या. झाल्यावर पाणी कोंडून दोन दिवस बघा, मगच शेवटचा हप्ता द्या. भिंत पूर्ण सुकल्याशिवाय रंगाला हात लावू नका. ओल्या भिंतीवरचा रंग दिवाळीच्या आत फुगतो, आणि नेमकं तेव्हाच गिऱ्हाईक दारात असतं.

उमरगेकर
थोडं विषयांतर. आमच्याकडं उमरग्याला आजोबांचा वाडा आहे, दगड-मातीच्या रुंद भिंती आणि वर माळवद, म्हणजे मातीचं छत. तोही विकायचाय. चुलते म्हणतात माळवदावर नवी माती घाला, भिंती लिंपून घ्या, वाडा म्हणून भाव येईल. मी म्हणतो एक पैसा घालू नका.

30 सप्टेंबर 1993 ची भूकंपाची पहाट आमच्याकडं कुणी विसरलेलं नाही. आदल्या दिवशी गणपती बुडवून लोक दमून झोपले होते. किल्लारी, सास्तूर भागात जी माणसं गेली त्यातली बहुतेक असल्याच घरांखाली गेली. भिंत दगडाची, पण आत नुसती माती, आणि वर वर्षानुवर्षं टाकत आलेल्या मातीचं वजन. चुलते अजून त्यावर आणखी माती टाका म्हणतात! उन्हाळ्यात माळवदासारखं थंड घर नाही हे मान्य. पण घेणारा आमच्या भागात फक्त जागेचा भाव करतो, आणि रात्री लेकरं घेऊन आत झोपणार का असं विचारलं की चुलतेही गप्प होतात.

तर केतकीताई, तुमचं घर स्लॅबचं आहे, तुमचा प्रश्न सोपा आहे.

मांजराकाठ
उमरगेकर, आमची आजी शेवटपर्यंत अंगणात पत्र्याखालीच झोपली. वाडा उभा होता तरी. माती टाकू नका, बरोबर हाय तुमचं.

पाचोळा
शहाबादी काढू नका हो! एवढंच सांगायला लॉगिन केलं. पॉलिश करून घ्या, निम्म्याहून कमी खर्चात आरशासारखी होते. उन्हाळ्यात पायाला गार. आणि त्या गुळगुळीत व्हिट्रिफाइडवर पाणी सांडलं की लेकरू हमखास उताणं पडतं, आमच्या नातवाच्या कपाळावर टाके आहेत.

गंगाखेडी
काका, तरुण गिऱ्हाइकाला शहाबादी बघून "गोडाऊन आहे का" वाटतं. माझ्या भाच्यानं तोंडावर म्हटलं होतं.

पाचोळा
भाच्याला एप्रिलमध्ये दुपारी आमच्याकडे पाठवा. टाइल्सवर झोपवतो.

एन_नऊ_वाला
रंग, फरशी, ओटा सगळं झालं. घर कुणाच्या नावावर आहे ते कुणीच विचारलं नाही. केतकी, सासऱ्यांनी घेतलेलं म्हणालात. सासरे आहेत का? नसतील तर वारसांची नोंद झाली का? नणंदा किती?

केतकी_सिडको
सासरे तीन वर्षांपूर्वी गेले. घर अजून त्यांच्याच नावावर आहे. दोन नणंदा, एक पुण्याला, एक हिंगोलीला. सगळे आमच्या बाजूनेच आहेत, तसा काही वाद नाही.

एन_नऊ_वाला
वाद नाही हे उत्तम. पण सह्या लागतात. मृत्युपत्र नसेल तर सासूबाई, तुमचे मिस्टर आणि दोन्ही नणंदा, चौघांचा सारखा हक्क. एकतर चौघांनी खरेदीखतावर सही करायची, नाहीतर आधी हक्कसोड पत्र, म्हणजे आपला वाटा सोडल्याचा कागद, नोंदवायचं. सिडकोचं घर बहुधा लीजवरचं असतं. तसं असेल तर वारसांची नावं सिडकोत लागायला हवीत, मग हस्तांतरणाची ना-हरकत, त्याचं शुल्क. यात किती वेळ जाईल ते कुणीही छातीठोक सांगू शकत नाही.

आणि वरची खोली आणि पुढचं शेड मंजूर नकाशात आहे का? घेणारा बँकेचं कर्ज काढणार. बँकेचा माणूस नकाशा आणि प्रत्यक्ष घर ताडून बघतो. वाढीव बांधकामाची किंमत तो धरत नाही आणि घेणाऱ्याचं कर्ज कमी बसतं. मग घेणारा उरलेले रोख देतो म्हणतो, त्या भानगडीत पडू नका. घराच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणं कायद्याने चालत नाही.

माझ्या डोळ्यांसमोर आमच्या लाइनीतलं एक घर नवं-कोरं रंगवून, नकाशाच्या अडचणीमुळे तसंच पडून राहिलं. पुन्हा रंगवायची वेळ आली.

जालना_जंक्शन
गुंठेवारीवाले (बिगरमंजूर लेआउटात गुंठ्यानं प्लॉट घेतलेले) हे वाचून हसत असतील. त्यांना तर नियमितीकरणाचा कागद असल्याशिवाय कुणी दारातच उभं करत नाही.

एन_नऊ_वाला
हसण्यासारखं काही नाही त्यात. 2021 च्या दुरुस्तीनंतर 31 डिसेंबर 2020 पर्यंतची गुंठेवारीतली बांधकामं नियमित करायची वाट मोकळी झाली. ज्यांनी तेव्हा पैसे भरले त्यांचं घर आज विकलं जातंय. बाकीचे नुसत्या बाँडवर, म्हणजे स्टॅम्प पेपरवर लिहून विकतात आणि भाव पाडून घेतात.

सीएचा_नवरा
बायको सीए आहे, मी फक्त टायपिस्ट. तिचं म्हणणं असं:

दुरुस्तीची बिलं जपून ठेवा, पण सगळी चालत नाहीत. नवी खोली बांधली, छत नव्याने केलं, असा घरात भर घालणारा खर्च नफ्यातून वजा मागता येतो. नुसता रंग आणि किरकोळ डागडुजी सहसा धरत नाहीत. म्हणजे एजंटने सांगितलेल्या यादीतलं बरंचसं करातून सुटणार नाही.

वारसाने आलेल्या घराला मूळ मालकाची खरेदी किंमत धरतात. 1 एप्रिल 2001 च्या आधीचं असेल तर त्या दिवशीचा बाजारभाव धरायची मुभा आहे. 23 जुलै 2024 च्या आधी घेतलेल्या घरांना नफ्यावर साडेबारा टक्के कर सरळ, किंवा महागाई निर्देशांक लावून 20 टक्के, यातलं जे कमी बसेल ते. जुन्या घराला दोन्ही मांडून बघा. नफ्यातून दुसरं घर घेतलं तर सूट आहे, पण मुदतींच्या आत बसावं लागतं आणि ज्याच्या वाट्याला नफा आला त्याच्याच नावाने ते घर हवं. तुमच्या नणंदांनी विक्रीवर सह्या केल्या आणि पैसे न घेता भावाला दिले, तरी त्यांच्या वाट्याच्या नफ्याचा प्रश्न त्यांना विचारला जाऊ शकतो. म्हणून हक्कसोड आधी की नंतर, हे सीएला विचारून ठरवा.

व्यवहार 50 लाख किंवा वर गेला तर घेणारा एक टक्का टीडीएस (तुमच्या नावाने आधीच भरायचा कर) कापतो, तेव्हा दचकू नका. घेणारे जोडपं असेल तर बाईंच्या एकटीच्या नावावर घ्यायला सुचवा, मुद्रांक शुल्कात त्यांचा एक टक्का वाचतो. तेवढ्याच सवलतीसाठी ते तुमच्याशी भांडत बसतात.

मांजराकाठ
वहिनींना सांगा, फी कुठं भरायची?

सीएचा_नवरा
तिने हे वाचलं. म्हणाली, "फुकट सल्ला देत फिरतोस, घरचे पडदे कधी लावणार?"

हिंगोली_एक्सप्रेस
एवढ्या गंभीर चर्चेत एक किस्सा. आमच्या मेहुण्याच्या घराला गिऱ्हाईक आलं. छत नुकतंच रंगवलेलं, ओलीचा मागमूस नाही. दोघं नवरा-बायको खुश, आता बोलणी होणार, तेवढ्यात मेहुण्याचं अडीच वर्षांचं कार्टं वर बोट करून म्हणालं, "तितून पानी पलतं! आई बादली थेवते!" मेहुणी बघतच राहिली. गिऱ्हाईक इतकं हसलं की विचारू नका. घेतलं त्यांनीच, पण छताचे पैसे कापून. त्या लेकराला सगळे आता "व्हॅल्युएशनवाले साहेब" म्हणतात.

म्हणून म्हणतो, नुसतं रंगवू नका. गळती खरंच काढा, नाहीतर लेकरू सांगतंच.

गंगाखेडी
😂😂 आणि गिऱ्हाईक येणार असेल तेव्हा घर कसं आवरायचं तेही कुणी सांगा ताईंना. आम्ही एक मोठी चादर ठेवली होती. फोन आला की खेळणी चादरीत, गाठोडं कॉटखाली. बघायला येणाऱ्यांना वेळ साडेचार-पाचची द्यायची. लेकरू झोपून उठलेलं, खाल्लेलं असतं, उजेडही असतो.

दुपारची_झोप
कॉटखाली लोक वाकून बघतात हो, वाळवीसाठी.

वैजिनाथ_परळी
बघू द्या. गाठोडं बघून कुणी भाव पाडत नाही, वाळवी बघून पाडतो.

अंबाजोगाईची_सून
केतकी, सासूबाई खर्च नको म्हणतात म्हणालीस ना? मला वाटतं त्यांना महालक्ष्म्यांचं पडलं असेल. आमच्याकडे असंच झालं होतं. घरात सिमेंटच्या गोण्या, आणि भाद्रपद आला. सासूबाई तोंडाने बोलल्या नाहीत, पण रोज मिस्त्रीला विचारायच्या कधी संपणार. शेवटी ज्या खोलीत महालक्ष्म्या बसतात ती खोली आधी पूर्ण करून घेतली, मगच त्यांचा चेहरा खुलला. विचारून बघ त्यांना.

केतकी_सिडको
विचारलं. अगदी तेच निघालं. "या घरातली शेवटची महालक्ष्मी, तेव्हा सिमेंटची पोती नकोत," एवढंच म्हणाल्या. खर्चाचं नुसतं निमित्त होतं.

सगळ्यांचं वाचून असं ठरलंय. रविवारी नणंदांशी बोलणं झालं, दोघी यायला तयार आहेत. वकील आणि सीए दोघांना भेटायचं. सिडकोत वारसनोंदीचा अर्ज याच आठवड्यात. नकाशा सासऱ्यांच्या ट्रंकेत सापडला, शेड त्यात नाही. ते तसंही पत्र्याचं आहे, काढून टाकू. वरची खोली मात्र आहे नकाशात. जीव भांड्यात पडला.

गच्चीचं काम श्रावणातल्या उघडिपीत, तेव्हा मी आणि लेकरू माझ्या माहेरी सेलूला. ऑफिसचं काम तिथून करीन, आजोबा सांभाळतील त्याला. ग्रील काढून वर्कशॉपला. महालक्ष्म्या स्वच्छ घरात बसतील. रंग नंतर, पितृपक्षात. तेव्हा घर बघायला कुणी येत नाही आणि रंगारीही रिकामे असतात. दसऱ्यापासून घर दाखवायचं. फरशी पॉलिश, पाचोळाकाका जिंकले.

रक्ताची तपासणीही केली, रिपोर्ट यायचाय.

गंगाखेडी
पितृपक्षात रंगाचं काम सुरू केलेलं आमच्याकडं चालत नाही. सासूबाईंना आधी विचारा.

केतकी_सिडको
विचारलं. म्हणाल्या, आपल्याला राहायचं थोडंच आहे. पण ब्रश सर्वपित्रीच्या आत ठेवा म्हणाल्या.

डॉ_पळसपान
रिपोर्ट आला की कळवा. आणि रंगाच्या वेळीही लेकरू तिथं नको, खिडक्या उघड्या ठेवून वास पूर्ण गेल्यावरच आणा.

जालना_जंक्शन
म्हणजे एजंटच्या यादीतून ओटा आणि टाइल्स कटाप. तो काय म्हणाला?

केतकी_सिडको
म्हणाला, "मग तीन-चार लाखांचं मी काही सांगू शकत नाही." मी म्हटलं, आधी तरी कुठं लिहून दिलं होतं.

मांजराकाठ
गच्चीचा कोबा किती जुना हाय ते मिस्त्रीला खरवडून बघायला सांगा. जुन्यावरच नवा ओतला तर स्लॅबवर वजन वाढतं. जुना काढूनच करा, दोन पैसे जास्त गेले तरी.

पाचोळा
शहाबादी पॉलिश करणारा चांगला माणूस सिडको-हडकोकडे कुणाला माहीत असेल तर मलाही व्यनि करा. आमच्या जिन्याची राहिलीय.